लिहून दिलं तर कूळ लागेल का?

वाचकाचा पेच : वय ६३. एका महापालिकेतून लिपिक म्हणून निवृत्त, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला. मुरबाडच्या बाजूला वडिलोपार्जित अडीच एकर भातशेती, सातबाऱ्यावर यांचं आणि धाकट्या भावाचं नाव. गेली ११ वर्षं शेजारच्या वाडीतलं एक ठाकूर आदिवासी जोडपं ती शेती करतं. दिवाळीनंतर दोघं ठाण्याला येतात, बांधकामावर बिगारी काम करतात आणि मिरगाच्या आधी परततात. मार्च २०२० मध्ये ते इथेच अडकले, मुकादमाचा फोन बंद झाला, शेवटी पोराला घेऊन कल्याणमार्गे चालत वाडी गाठली. त्या काळात जाहीर झालेली बरीचशी सरकारी मदत त्यांच्यापर्यंत पोचली नाही. आता बाई म्हणते, ‘आम्ही तुमची जमीन कसतो एवढं कागदावर लिहून द्या, पुन्हा तसं काही आलं तर हातात कायतरी असंल.’ भाऊ म्हणतो, लिहून दिलंस की कूळ लागलं समज, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क आला. शिवाय फुकट धान्यामुळे या लोकांना आता कामाची गरजच उरलेली नाही, असंही भावाचं आणि गावातल्या अनेकांचं म्हणणं. पत्रलेखक विचारतात : कुणाचंच वाईट व्हायला नको, तर काय करू?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या भावाचा राग आला. दुसऱ्यांदा तुमच्याच दोन वाक्यांशी अडले. सुरुवातीला तुम्ही म्हणता, ‘दोघं आमच्याकडे मजुरीवर आहेत.’ आणि बरंच पुढे, कंसात, ‘झोडणी झाली की निम्मं भात त्यांना सोडतो.’ तुमचा सगळा पेच त्या कंसात बसलाय. तिथे येतेच. आधी फुकट धान्याचा विषय उरकून घेऊ, कारण तो डोक्यात असला की पुढचं सगळं वाकडं दिसतं.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. तुमच्या घरच्या तांदळाच्या डब्यातली वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा. सकाळपासून चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईचं एका वेळचं पोट त्यात जेमतेम भरेल. करोनाच्या काळात एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत, मधले पाच महिने सोडले तर, आणखी ५ किलो माणशी जादा आणि मोफत मिळत होतं. ते बंद झालं. जानेवारी २०२३ पासून नेहमीचंच धान्य मोफत झालं. आता हे नेहमीचं धान्य त्याआधी काय भावाने मिळायचं? तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो. चौघांच्या घराला २० किलो. म्हणजे ‘फुकट’ झाल्याने त्या घराचे महिन्याला वाचतात ४० ते ६० रुपये. साठ रुपयांच्या जोरावर कुणी लावणीला यायचं थांबत नाही हो. बायका का मिळत नाहीत ते तुमच्याच पत्रात आहे : लावणीला तुम्ही ३५० रुपये आणि दुपारची भाकरी देता, आणि ठाण्यात घमेली उचलायला ६०० मिळतात. भावाला विचारा, तो कुठे गेला असता?

आता २०२०. त्या दोघांना तेव्हा काय मिळालं आणि काय नाही, याची यादी तुम्ही पत्राला जोडलीत, तारखांसकट. कारकुनी सवय म्हणून तुम्ही स्वतःचीच थट्टा केलीय, पण मला ती यादी फार मोलाची वाटली.

टाळेबंदी २५ मार्चला लागली आणि २६ तारखेला केंद्राने १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. घोषणेला उशीर झाला असं म्हणता येणार नाही. बाईचं जनधन खातं होतं, तिला ५०० रुपयांचे तीन हप्ते मिळाले. वाडीत परतल्यावर रेशनही मिळालं. ठाण्यात मात्र दुकानदाराने ‘कार्ड मुरबाडचं आहे’ म्हणून हात वर केले. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत महाराष्ट्र १ जानेवारी २०२० पासूनच होता. मुरबाडच्या कार्डावर ठाण्यात धान्य मिळायला हवं होतं. दुकानदाराने ते सांगितलं नाही आणि यांना ते माहीत नव्हतं. पाच रुपयांची शिवभोजन थाळी होती म्हणून चार दिवस निघाले, असं तुम्ही लिहिता.

आणि हे न मिळालेलं. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदणी चालू असलेल्या कामगारांच्या खात्यात २०२० मध्ये आधी २,००० आणि मग ३,००० रुपये भरले. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत आणखी १,५००. नवऱ्याची नोंदणी एकेकाळी झालेली होती, पण तिचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, आणि त्यासाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. मुकादमाने तो दिला नाही. का? तर ‘उद्या काही अंगाशी यायला नको.’ हे वाक्य ओळखीचं वाटतंय का?

आदिवासी विकास विभागाने २०२० मध्ये खावटी योजना पुन्हा सुरू केली. कुटुंबाला ४,००० रुपये : २,००० खात्यात आणि २,००० चा किराणा, म्हणजे डाळी, कडधान्यं, तेल, मीठ, साखर असं. तिच्या निकषांपैकी एक होता, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२० या वर्षात रोजगार हमीवर किमान एक दिवस काम केलेलं असणं. एक दिवस! या दोघांकडे जॉब कार्ड आहे, पण त्या वर्षीच्या हजेरीपत्रकावर नाव नाही. भात काढून झालं तसे ते तुमच्या-माझ्या शहरात वाळू वाहायला आले होते. कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती, वनहक्क मिळालेली कुटुंबं असे इतरही गट त्या योजनेत होते. हे त्यांतल्या कशातच बसले नाहीत.

बेरीज करा. १०,५०० रुपये. आणि त्याच अडीच एकरांच्या नावाने एप्रिल २०२० मध्ये पैसे आले ते कुणाच्या खात्यात? तुमच्या. पीएम-किसानचे २,००० रुपये, ठरल्यापेक्षा लवकर, साथ आली म्हणून.

ते पैसे तुम्ही त्याच आठवड्यात त्या जोडप्याला पाठवून दिलेत, हे वाचून बरं वाटलं. पण थोडं कडू बोलते. ते पैसे तुमचे नव्हतेच. महिन्याला १०,००० किंवा जास्त पेन्शन असलेला निवृत्त कर्मचारी, चतुर्थ श्रेणीतला नसेल तर, या योजनेत बसत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांतले नियमित कर्मचारीही बसत नाहीत. प्राप्तिकर भरणाराही नाही. जमीन नावावर असणं एवढंच पुरेसं नसतं. तुम्ही लिहिता की हप्ते अजून येताहेत आणि वर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही जमा होतात. हे थांबवा. पीएम-किसानच्या पोर्टलवर लाभ सोडायची आणि पैसे परत करायची दोन्ही सोय आहे. संगणकाचा कंटाळा असेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अपात्र लोकांकडून वसुली चालू आहे, नोटीस यायची वाट पाहू नका. या पानावर हे वाचून आणखी काही जणांच्या पोटात गोळा आला असेल तर त्यांनाही हेच सांगणं.

आता कंस.

कुळाची भीती मला नवी नाही. माझ्या आजोळी ‘सत्तावन साल’ म्हटलं की आजी पानावरून उठायची. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला, कुळकायद्याने, जमीन कसणारी कुळं तिची मालक मानली गेली. ज्यांची गेली त्यांच्या घरात ती जखम राहिली आणि तिच्यातून एकच शहाणपण पुढच्या पिढ्यांना मिळालं : काही लिहून देऊ नका. दरवर्षी माणूस बदला, पावती करू नका, तोंडी ठेवा. तुमचा भाऊ हेच बोलतोय, त्याच्या वडिलांच्या आवाजात.

पण १९४८ चा हा कायदा काय म्हणतो ते एकदा नीट वाचा. त्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्यात अपवाद आहेत. मालकाच्या घरचा माणूस कूळ नाही. रोख किंवा वस्तूच्या रूपाने पगार घेणारा नोकर कूळ नाही, मात्र तो पगार पिकाच्या हिश्श्याचा नसावा. मालकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम करणारा मजूर कूळ नाही. बघा काय झालं! भाऊ कागदाला घाबरतोय. कायदा तर विचारतोय की भात वाटून घेता का आणि शेतात उभं कोण असतं. कूळ लागायचं असेल तर ते व्यवहारावरून लागतं. तुम्ही काही लिहून दिलं नाहीत म्हणून ११ वर्षांचं निम्मं भात पुसलं जात नाही. अख्खी वाडी साक्षीला आहे. आणि मजुरी खरोखरच मजुरी असेल, तर दिवस आणि रक्कम लिहिलेली वही तुमच्या बाजूनेच बोलेल.

तेव्हा आधी तुमचं तुम्ही ठरवा की हे दोघं तुमचे कोण आहेत. मजूर असतील तर दिवसाची मजुरी ठरवा, खात्यात भरा, लावणी-बेणणी-कापणीला तुम्ही किंवा भाऊ बांधावर हजर राहा, आणि निम्म्या भाताची पद्धत सोडा. पण हे त्यांच्या पदरात आज पडतं त्याहून कमी पडणार असेल, तर तो त्यांच्यावर केलेला डाव आहे आणि ते त्यांना कळेल. वाटेकरी असतील, आणि पत्रावरून मला तसंच वाटतं, तर तसं कबूल करा. नोंदणीकृत भाडेकरार करता येतो. पीकविम्यासाठी तर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला तोच लागतो. त्यातून त्यांना कायद्याने काय मिळू शकतं, तुमच्यावर काय येतं, हे महसुली दावे चालवणाऱ्या वकिलाला विचारा. भावाला सोबत न्या, नाहीतर तो ऐकणार नाही. मजुरीच्या खोट्या पावत्या करून निम्मं भात झाकायचा सल्ला तुम्हाला बाहेर स्वस्तात मिळेल. इथे मिळणार नाही. त्यांचा हक्क तयार झाला असेल तर तो झालाय.

आणि एक राहिलंच. त्या बाईने तुमच्याकडे जमीन मागितलेली नाही. तिने कागद मागितलाय. तोही, खरं सांगायचं तर, तिच्या फारसा कामाचा नाही. ‘हे आमची जमीन कसतात’ असं तुम्ही वहीच्या पानावर लिहून सही केलीत तरी पीएम-किसानला ते चालत नाही, तिथे सातबाऱ्यावरचं नाव बघतात. अतिवृष्टीत भात आडवं झालं तर पंचनाम्याचे पैसेही सातबारावाल्यालाच. म्हणजे भाऊ ज्या कागदावरून तुमच्याशी भांडतोय, तो दिल्याने त्याचं काही जात नाही आणि न दिल्याने तिचंही काही अडत नाही.

तिला लागतात ते कागद वेगळे आहेत आणि ते सगळे साथ यायच्या आधी, नेहमीच्या कंटाळवाण्या दिवसांत करायचे असतात. २०२० मध्ये ज्याचं नाव २४ मार्चला यादीत होतं त्याला मिळालं. ज्याने एप्रिलमध्ये धावपळ केली त्याला कचेऱ्याच बंद मिळाल्या. इथे तुमचा खरा उपयोग आहे. जन्म टेबलाच्या पलीकडे गेलाय तुमचा. कोणता अर्ज का परत येतो, पोच कशी मागायची, साहेब जागेवर कधी असतात, हे तुम्हाला झोपेत माहीत आहे. दोन दिवस काढा.

एक दिवस ठाण्यातला. ते ज्या साइटवर काम करतात ती तुमच्याच रस्त्यावर आहे. नवऱ्याला घेऊन ठेकेदाराकडे जा आणि ९० दिवसांचा दाखला मागा. बिगारी एकटा गेला तर ‘नंतर ये’ असतं. पांढऱ्या केसांचा, फाइल घेतलेला माणूस बरोबर असला की नंतर लवकर येतं. हे बरोबर नाही, पण आहे. दिला नाही तर कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी द्या. आणि बाईची नोंदणी वेगळी करा, तीही तीच घमेली उचलते. बहुतेक घरांत नोंदणी नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असते आणि बायकोचे ९० दिवस कुठेच नसतात. दोघांची ई-श्रम नोंदणीही याच फेरीत होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली ही नोंद १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे, तिला मालकाचा दाखला लागत नाही, स्वतःची माहिती स्वतः द्यायची. लगेच पैसे मिळत नाहीत म्हणून लोक ती करत नाहीत. करून ठेवावी.

दुसरा दिवस मुरबाडचा. रेशन कार्डावर पोरांची नावं चढली आहेत का, सगळ्यांचं ई-केवायसी झालंय का, ते बघा. ठाण्यात असताना धान्य इथल्या दुकानातून उचलायची सवय त्यांना लावा, निदान एकदा तरी तुम्ही बरोबर जाऊन. दुकानदार नाही म्हणाला तर कार्डाचा नंबर पुढे करायचा, शिधावाटप कार्यालयाचं नाव घ्यायचं. ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं जॉब कार्ड चालू आहे का विचारा, कामाची मागणी लेखी करायला लावा आणि तारीख घातलेली पोच घ्या. जातीचा दाखला नसेल तर आदिवासी विकासच्या प्रत्येक योजनेत तिथेच अडतं. शहापूरला त्या खात्याचं प्रकल्प कार्यालय आहे, त्यांना एकदा ते कार्यालय दाखवून ठेवा.

तुमच्यासारखी शेती नसलेल्या वाचकांसाठी एवढंच : सोसायटीचं मोठं रंगकाम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढता ना दर चार वर्षांनी? ठेकेदाराबरोबरच्या करारात एक ओळ घाला, की कामगारांना केलेल्या दिवसांचा दाखला द्यावा लागेल. आमच्या सोसायटीत ही ओळ घालायला कमिटीच्या तीन बैठका लागल्या, आणि तिसऱ्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने विरोध करणारे गृहस्थ २०२० मध्ये बाल्कनीत थाळी वाजवत होते. असो.

वही मात्र आजच आणा. जाड पुठ्ठ्याची, पावसात टिकेल अशी. एका बाजूला तारीख, काम, रक्कम, शेजारी तिची सही किंवा अंगठा, आणि तशीच दुसरी वही तिच्याकडे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की गेल्या कापणीचे चार दिवस ‘द्यायचे राहिलेत’. पहिल्या पानावर ते चार दिवस येऊ द्या.

आणि निघण्याआधी फोन करून विचारा, आधारला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का. पावसाळ्यात रिचार्ज संपतो, दिवाळीत ठाण्याला आल्यावर नवं सिम घेतात, आणि ओटीपी जातो तो बंद पडलेल्या नंबरावर. तसं असेल तर पहिली फेरी आधार केंद्राची, बाकी सगळं त्यानंतर. आधार केंद्रावर दोघांनाही जावं लागेल, अंगठे लागतात. लावणी सुरू झाली की त्यांना सवड मिळायची नाही, तेव्हा राब (रोपांसाठीची जमीन) भाजायच्या आधीच ही फेरी होऊ द्या.